समजूनही न समजल्यासारखं

बाई,

गेल्या महिन्यात मी पडावला जाऊन आले. पडाव म्हटलं की तुम्हाला कोण आठवेल हे मला ठाऊक आहे. आपल्या सेंटरमध्ये मुलांना आपण मोहल्ल्याच्या नावानंच ओळखायचो, आणि स्टेशनपाशी वडलांचं लॉज असलेली ती एकच मुलगी आपल्याकडे होती. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळ भांडले, कधी पोळ्या लाटताना, कधी वर्गात एखाद्या मुलासमोर बसलेली असताना. कागदावर मात्र आजच लिहितेय, कारण पडावला जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुम्ही आता काही उलटून बोलणार नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बी.ए. होऊन वर्षभर घरी बसले होते. महाराज बाड्यामागच्या गल्लीत, बँडवाल्यांच्या दुकानावर सेंटरच्या दोन खोल्या. शिंदे की छावनीतून मी सायकलीवर येत असे. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, ह्या मुलांबरोबर काम का करायचंय, आणि मी म्हणाले, "बाई, मी सोचलं की घरी बसण्यापेक्षा..." तुम्ही मला तिथेच थांबवलंत. "सोचलं नाही. विचार केला. पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणाले. आमचं घर फौजेतल्या मराठ्यांचं, आमची मराठी कधीच हिंदीत मुरून गेलेली. तुमचं घराणं दरबारातलं, तुमच्या तोंडून एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. मी बरोबर म्हटल्यावरच तुम्ही पुढचं वाक्य ऐकून घेतलंत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, इथे शिकायला मिळेल.

आणि मिळालं, ते नाकारून कसं चालेल. त्या काळी ह्या शहरात ऑटिझम हा शब्द डॉक्टरांच्याही तोंडी फारसा नव्हता. लोकांकडे तीनच शब्द होते, पागल, गूंगा आणि ऊपर का असर, म्हणजे बाहेरची बाधा. एका घरी मुलाला पलंगाच्या पायाला ओढणीनं बांधून ठेवलेलं मी तुमच्याबरोबर जाऊन पाहिलं आहे. तुम्ही चपला काढून आत गेलात, त्याच्या शेजारी फरशीवर बसलात आणि दोन तास एक शब्द बोलला नाहीत, मग त्याच्या आजीला म्हणालात, "कल से भेजिए, मैं लेने आऊंगी." आणि खरंच रिक्षा करून रोज न्यायला जात होतात. पडावच्या मुलीला तीन शाळांनी काढलं होतं. तिसऱ्या शाळेत तिच्या आईला सांगितलं गेलं, "इसे घर पर बिठाइए, दूसरे बच्चे डरते हैं." ती आई मुलीला मांडीवर घेऊन आपल्या जिन्यात बसली होती, वर यायचं धैर्य होत नव्हतं तिला. तुम्ही खाली उतरून दोघींना वर आणलंत. म्हणालात, "यहां से कोई नहीं निकालेगा." मी तेव्हा तुमच्याकडे कशी बघत होते ते तुम्ही पाहिलं असेल. देवाकडे बघतात तशी.

ती पाच वर्षांची होती. बोलत नव्हती, पण तिला काही हवं असलं की ती समोरच्या माणसाचं मनगट धरायची. घट्ट नाही, दोन बोटं आणि अंगठा, वैद्य नाडी बघतो तसं. मग ओढत न्यायची आणि त्याचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. बिस्किटांच्या डब्यावर, खिडकीच्या खिट्टीवर, स्वतःच्या चपलेच्या बक्कलवर. पहिला आठवडाभर मी तिच्या मागे नुसती फिरत होते आणि मला त्यात मजा येत होती. एवढंसं पोर, पण काय हवंय त्यात तिची कधी गफलत नव्हती. तुम्ही दारातून बघत होतात. मुलं गेल्यावर मला समोर बसवलंत. "तिला तुझा हात म्हणजे चिमटा वाटतो. माणूस वाटत नाही. तू उठून मागे गेलीस की तिची बोलायची गरजच संपली." मी विचारलं, मग काय करू? "समजलं तरी न समजल्यासारखं करायचं. तोंडातून आवाज निघेपर्यंत." हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मी ते वहीत उतरवून घेतलं. ती वही माझ्याकडे अजून आहे. वर तारीख, खाली ते वाक्य, आणि त्याखाली मी मारलेली दुहेरी रेघ.

जूनचा महिना. तुम्हाला इथला जून सांगायला नको. कूलरचं पाणी दुपारपर्यंत आटलेलं, पत्र्याच्या शेडवरून वाफ येतेय. ती माझं मनगट धरून मला कोपऱ्यातल्या माठापाशी नेते. माझा हात माठाच्या झाकणावर ठेवते. मी हात तसाच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघते. तुम्ही शिकवलंय तसं चेहऱ्यावर काही येऊ देत नाही. "क्या चाहिए? बोलो. पा..." ती हात पुन्हा उचलून पुन्हा ठेवते. पुन्हा. मग दोन्ही हातांनी माझं मनगट धरून झाकणावर आपटते. मग खाली बसते, मग ओरडते, मग फरशीवर डोकं घासते. तुम्ही दारात उभ्या आहात आणि मान हलवून मला सांगताय, थांब, अजून थांब. अर्धा तास तरी गेला असेल. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. आणि मग ती म्हणाली, "पा." मी ग्लास भरून दिला. तुम्ही धावत येऊन आधी तिला आणि मग मला मिठीत घेतलंत. तुम्ही रडत होतात. मीही रडले. त्या संध्याकाळी तुम्ही मला एक चंदेरी विणीची साडी दिलीत, मोरपिशी, तुमच्या कपाटातली, एकदाही न नेसलेली. म्हणालात, "आज तू शिक्षिका झालीस." मला तोवर कुणी एवढी मोठी गोष्ट दिली नव्हती. माठ तिच्या हाताला लागत होता, बाई. झाकण आपण मुद्दाम जड ठेवलं होतं.

मग शब्द येत गेले. "पानी दो." "खोल दो." "बिस्किट दो." "नमस्ते." आपण त्यांची कार्डं करून भिंतीवर लावली, सात वर्षांत चाळीस झाली. हातांचंही तसंच. तिला आनंद झाला की ती हात पाखरासारखे हलवायची. आपण "हाथ नीचे" म्हणायचो आणि ती मांडीवर हात ठेवायची. लग्नसराईत खाली बँडवाले तालीम करायचे, भिंती थरथरायच्या, मुलं कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जायची, आणि आपण त्यांचे हात खाली घ्यायचो, कारण तुमचं म्हणणं, सवय व्हायला हवी, दुनिया काही बँड बंद करणार नाही. वार्षिक कार्यक्रमात ती स्टेजवर उभी राहिली, हात शिवणीला लावून, आणि पाहुण्यांना नमस्ते म्हणाली, आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं कान झाकले नाहीत. मी मोरपिशी साडी नेसून पडद्यामागे उभी होते आणि माझ्या छातीत अभिमान मावत नव्हता. त्या चाळीस कार्डांत "नहीं" नव्हतं. "दर्द" नव्हतं. आपण तिला मागायला शिकवलं आणि लोकांना बरं वाटेल असं बोलायला शिकवलं. एवढ्या वर्षांत आपल्या दोघींपैकी एकीलाही हे सुचलं नाही. आपल्या बोर्डावर तुम्ही हौसेनं मराठीतही लिहून घेतलं होतं, स्वमग्न मुलांसाठी. ती कधीच स्वतःत मग्न नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती कुणाचं तरी मनगट शोधत होती.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो रविवार मला सांगायलाच हवा, कारण खरा राग तिथे आहे. तुमच्या यजमानांना, काकांना, लकवा होऊन वर्ष झालं असेल. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. मी मुलांच्या फायली द्यायला आले होते आणि तुम्ही मला आत बोलावून पाट दिलात, थालीपीठ लावलं होतंत. काका दाराशी खुर्चीत. त्यांनी डाव्या हातानं खुर्चीवर दोनदा टिचकी मारली आणि तुम्ही तव्यावरची नजर न काढता म्हणालात, "हो, हो, ऊन येतंय ना," आणि जाऊन पडदा ओढलात. थोड्या वेळानं त्यांनी तुमच्या पदराचं टोक धरून ओढलं. तुम्ही लोण्याची वाटी पुढे केली. मी घास हातात धरून बघत राहिले. मग मी विचारलं, कुठून एवढं धैर्य आलं कोण जाणे, "बाई, काकांना तुम्ही कधी म्हणत नाही, आधी बोला मग देते?"

तुम्ही वळलात. उलथनं हातातच होतं. "ह्यांना बोलता येत होतं. गेलं. तिला यायचं आहे," तुम्ही म्हणालात. मी गप्प बसले असते तर तुम्हीही गप्प बसला असता, पण मी म्हणाले, पण समजतं तर तिचंही आपल्याला. तेव्हा तुम्ही गॅस बंद केलात. "ह्यांना बघायला मी आहे. तिची आई उद्या डोळे मिटेल, तेव्हा कोण आहे तिला? आज पाच वर्षांची, दहा वर्षांची, म्हणून लाडकी वाटते. मोठी बाई झाल्यावर ती लॉजच्या जिन्यात कुणाचंही मनगट धरून ओढायला लागली, तर लोक त्याचा काय अर्थ काढतील? तू काढशील का समजूत त्यांची?"  खरं सांगायचं तर आजही ह्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण एक आहे, बाई. तुम्ही काकांच्या बाबतीत कधी वही काढली नाहीत. किती सेकंदांनी आवाज आला, मोजलं नाहीत. त्यांना तुम्ही कधी तहानलेलं ठेवलं नाहीत. ज्याच्यावर माया आहे त्याच्याशी कसं वागायचं हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि ते ज्ञान घराच्या उंबऱ्याशी ठेवून तुम्ही रोज सकाळी नऊला सेंटरमध्ये येत होतात.

आता तो दिवस. ती बारा वर्षांची आहे. मंगळवार. सकाळपासून तिनं खाऊचा डबा उघडलेला नाही. अकराच्या सुमारास ती माझ्या टेबलापाशी येते आणि माझं मनगट धरते. पाच-सहा वर्षांत तिनं असं केलेलं नाही. आपण ती सवय मोडली आहे असं तुम्ही तिच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं आहे. तिची बोटं गरम लागतात. ती माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवते, उजवीकडे, खाली. दाबून धरते. मला वाटतं, भूक लागली असेल. आणि मला वाटतं, इतक्या वर्षांचं काम पाण्यात जातंय. मी हात काढून घेते, मांडीवर ठेवते. "मुंह से बोलो. क्या चाहिए?"

ती बोलते. ती सगळंच बोलते, बाई. "पानी दो." मी पाणी पुढे करते, ती घेत नाही. "खोल दो." मी विचारते, क्या खोल दूं? "बिस्किट दो." मी बिस्किट देते, ती ते टेबलावर ठेवते. "नमस्ते," ती म्हणते. "टाटा." "थँक यू." मग स्वतःचं नाव. मग बापाचं नाव. आपण जेवढ्या किल्ल्या तिला दिल्या होत्या तेवढ्या तिनं एकेक करून लावून पाहिल्या. एकीनंही कुलूप उघडलं नाही. मग ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि हात मांडीवर ठेवले. मी म्हणाले, "शाबाश." वहीत लिहिलं, आज आठ शब्द, स्वतःहून, एकही न विचारता. शेरा, उत्तम.

रात्रीतून ताप चढला, सकाळी उलट्या. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. त्यातले काही दिवस असे होते की आपण दोघी फोनची घंटा वाजली तरी दचकायचो. तिथल्या डॉक्टरनं आईबापाला विचारलं, दोन-तीन दिवस तरी दुखत असणार, मुलीनं सांगितलं कसं नाही? हाच प्रश्न घेऊन तिचे वडील आपल्याकडे आले. रागानं नाही. थकलेला माणूस, हातात हेल्मेट, दाढी वाढलेली. "मैडम, यहां कुछ बताया था क्या उसने? बस जानना था." तुम्ही वही काढली. मंगळवारचं पान वाचलंत, आठ शब्द, उत्तम. मग त्यांच्या देखत मराठीत मला विचारलंत, "ह्याशिवाय काही दिसलं होतं का तुला?"

मी नाही म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. पाठमोऱ्या उभ्या असतानाही कोणता मुलगा नखं खातोय ते तुम्ही सांगायचात. माझा चेहरा त्या दिवशी तुम्हाला वाचता आला नाही हे मी मानत नाही. तुम्ही चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मग लिही तसं," म्हणालात. मी पानाच्या तळाशी हिंदीत लिहिलं, बच्ची ने तकलीफ का कोई संकेत नहीं दिया. सही केली. तुम्हीही केलीत. वडलांनी त्या पानाची फोटोकॉपी मागितली, डॉक्टरला दाखवायला. जाताना तुमच्या पाया पडायला वाकलेले ते मला अजून दिसतात. तुम्ही पुन्हा कधी मला त्या मंगळवाराबद्दल विचारलं नाहीत, चार वर्षांत एकदाही नाही. चहा पिताना नाही, काका गेल्यावर मी आठ दिवस तुमच्याजवळ राहिले तेव्हा नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटायचं. आता तेही वाटत नाही.

ती परत आली ती न बोलणारी. एक शब्द नाही. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत, माठ, बिस्किट, खिट्टी. पण ह्या वेळी ती कुणाचं मनगटही धरत नव्हती. दिलं तर घ्यायची, नाही दिलं तर हात मांडीवर ठेवून बसून राहायची, तहानलेली, दुपारभर. तुमच्या पद्धतीला त्यावर उपाय नव्हता, कारण जो मागतच नाही त्याचं अडवणार काय. दोन महिन्यांनी तुम्ही आईला म्हणालात, "कुछ दिन घर पर रखकर देखिए." तिनं मान हलवली. ती पुन्हा जिना चढून आली नाही. स्टेजवर नमस्ते म्हणतानाचा मुलीचा फोटो मात्र तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत तुमच्या टेबलामागे होता. तुमच्या दहाव्याला एका मोठ्या माणसानं तो फोटो दाखवून भाषण केलं. ह्या बच्चीला मॅडमनी जुबान दिली, म्हणाला. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं.

आता माझ्या घराच्या वरच्या खोलीत सहा मुलं येतात. मी त्यांना आधी चित्रं देते, गळ्यात अडकवायची. पहिलं चित्र दुखतंय, दुसरं नको. मनगट धरलं तर मी उठून मागे जाते आणि जाता जाता तो शब्द म्हणते, मूल म्हणो न म्हणो. आईबाप कुरकुर करतात. "दीदी, फोटो दिखाता रहेगा तो बोलेगा कब?" मी त्यांना समजावते आणि समजावताना माझ्याच आवाजात मला तुमचा ठामपणा ऐकू येतो. मध्यंतरी बाहेरगावच्या एक तज्ज्ञ बाई शिकवायला आल्या होत्या. पडद्यावर त्यांनी एक चित्र दाखवलं, मोठ्याचं मनगट धरून ओढणारं मूल, आणि म्हणाल्या, हेही बोलणंच आहे, त्याला उत्तर द्या, शब्द मागून येतील. पुढचं चित्र. माझ्याकडे काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी शेजारी बसून भराभर लिहून घेत होती. तिनं वाकून मला विचारलं, "ताई, ये तो ऑब्व्हियस आहे ना? ह्यात लिहून काय घ्यायचं?" मी म्हणाले, लिहून घे. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पडावला गेले.

लॉज आहे तसंच आहे, फक्त पाटी नवी. वडील गेले, आई आणि ती वरच्या मजल्यावर राहतात, खालचं काम तिचा मामा बघतो. ती अठ्ठावीस वर्षांची झाली आहे, बाई. अंगानं भरलेली, केसांची एक वेणी. मी दारात गेले तेव्हा ती पलंगावर धुतलेल्या उशांचे अभ्रे घड्या घालून रचत होती, कडेला कड, एक सूतही इकडेतिकडे नाही, आणि घडी झाली की डाव्या हाताची बोटं हवेत हलवत होती. तिनं मान वर केली. मला बघितलं. हातातला अभ्रा खाली ठेवला, भिंतीशी असलेल्या खुर्चीवर जाऊन बसली, पाय जुळवले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मी काही बोलले नव्हते. सोळा वर्षं झाली होती.

"आपको पहचान गई," आई म्हणाली. "और किसी के आगे ऐसे नहीं बैठती." तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणून मला उभं राहवेना. तिनं चहा केला. म्हणाली, आता बरं चाललंय, काय हवं ते हात धरून दाखवते, मी जाते मागे मागे, आता कोण आहे रागवायला. मग कप खाली ठेवून म्हणाली, "दीदी, एक बात किसी से नहीं कही. इसके पापा से भी नहीं." आजारी पडली त्याच्या आदल्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मुलीनं तिचा हात धरून पोटावर ठेवला होता. "मैंने हाथ खींच लिया. मैडम ने कहा था ना, घर पर भी वही करना है, नहीं तो सारी मेहनत बेकार. मैंने कहा, मुंह से बोल." ती पदराशी चाळा करत होती, रडत नव्हती. "फिर आपकी कॉपी में लिखा था कि वहां उसने कोई इशारा नहीं किया. तब से यही सोचती हूं कि बस मेरे ही पास आई थी. दुनिया में बस मेरे पास. और मैंने..."

माझ्या त्या एका ओळीनं ह्या बाईची सोळा वर्षं अशी गेली, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी म्हणाले, "मेरे पास भी आई थी." तिनं माझ्याकडे बघितलं. मी मंगळवारचं सगळं सांगितलं, हात, पोट, ते आठ शब्द, बिस्किट. मुलगी खुर्चीवर तशीच बसून होती. मग आईनं विचारायचं तेच विचारलं. "तो फिर लिखा क्यों नहीं?"

मी म्हणाले, "मैडम ने लिखवाया था."

तुम्ही "मग लिही तसं" म्हणाला होतात, हे खरं. पण नाही म्हणाले होते मी, आणि तुम्ही विचारलं होतंत तेव्हा तुमच्या समोर तो बाप उभा होता आणि तोंड उघडायला मला सवड होती. हे मी तिला सांगितलं नाही. तिनं सुस्कारा सोडला. "चलिए," म्हणाली, "वो तो अब रहीं नहीं." आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जणू दोघींचंही तुम्हीच वाटोळं केलं होतंत. मी तो हात ठेवू दिला. चहा संपवला, परत येईन म्हणाले, जिना उतरून स्टेशनच्या गर्दीत आले, आणि मला हलकं वाटलं. कितीतरी वर्षांनी इतकं हलकं वाटलं.

हे पाठवायला तुमचा पत्ता असता तर हे शेवटचं पान मी लिहिलं नसतं.